बंदुकीचा कायदा कोणाला उत्तर देतो?

भारतातील मतदार बंदुकीच्या संदर्भात आपल्या खासदाराला किंवा आमदाराला पत्र लिहितो, तेव्हा त्यात बहुधा कायद्याची मागणी नसते, परवान्याची असते. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज पडून आहे, पोलिसांचा अहवाल रखडला आहे, साहेबांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, एवढेच मागणे. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यात अशा शिफारसपत्राला स्थान नाही. परवाना देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याचा असतो आणि त्याने पोलिसांचा अहवाल मागवून निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा असते. तरीही देशाच्या अनेक जिल्ह्यांत लोकप्रतिनिधीचे पत्र हे अर्जासोबतचे अलिखित कागदपत्र होऊन बसले आहे.

अमेरिकेत याच विषयावरील पत्रव्यवहाराचे स्वरूप वेगळे आहे. तेथे मतदार सिनेटरला विचारतो तो ‘या विधेयकावर तुम्ही कसे मत देणार?’ हा प्रश्न. टेक्सासमधील युव्हाल्डी येथील शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यानंतर महिनाभरातच, जून २०२२ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने शस्त्रनियंत्रणाचा एक मर्यादित कायदा संमत केला. सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ६५ व विरोधात ३३ मते पडली. बाजूने मत देणाऱ्यांत १५ रिपब्लिकन सदस्य होते. वाटाघाटींत पुढाकार घेणारे टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन यांची त्यांच्याच राज्यातील पक्ष अधिवेशनात हुर्यो उडवली गेली. अमेरिकेची शस्त्रव्यवस्था अनुकरणीय नाही. पण कोणत्या लोकप्रतिनिधीने काय केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तेथे मतदाराला नावानिशी समजते. आपल्याकडे कायदा तुलनेने कडक आहे. उत्तरदायित्व मात्र सैल आहे. २०१९ ची शस्त्रास्त्र कायदा दुरुस्ती हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

तीनवरून एक, एकावरून दोन

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीन बंदुका असाव्यात अशी मर्यादा आली. २०१९ च्या नोव्हेंबर अखेरीस केंद्र सरकारने लोकसभेत जे विधेयक मांडले, त्यात ही मर्यादा थेट एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू होणार होती. हरकती उठल्या. राजस्थान आणि पंजाबातील घराण्यांनी वडिलोपार्जित शस्त्रांचा प्रश्न पुढे केला. एका स्पर्धाप्रकाराची बंदूक दुसऱ्या प्रकाराला चालत नाही, असे नेमबाजांचे म्हणणे होते. सीमावर्ती भागातील आणि गावापासून दूर शेतावर राहणाऱ्या शेतकऱ्यांनी पोलीस ठाण्याच्या अंतराकडे बोट दाखवले. या हरकती सभागृहात पोहोचल्या आणि सरकारनेच दुरुस्ती मांडून एकाचे दोन केले. ९ डिसेंबरला लोकसभेने व १० डिसेंबरला राज्यसभेने विधेयक संमत केले. त्याच आठवड्यात नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाने देशाचे सारे लक्ष वेधून घेतले होते. त्यामुळे शस्त्रांच्या कायद्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत अधिसूचना काढून नामांकित नेमबाजांना १२ पर्यंत शस्त्रे बाळगण्याची मुभा देण्यात आली.

या सवलती गैर होत्या असे नाही. शेतकऱ्याचे म्हणणे खरे होते आणि नेमबाजाचेही. लोकांनी हरकत घ्यावी, प्रतिनिधीने ती मांडावी आणि सरकारने माघार घ्यावी, हे संसदीय लोकशाहीचे चांगलेच लक्षण आहे. प्रश्न निराळा आहे. या विधेयकाच्या उद्देशपत्रात सरकारने भर दिला होता तो बेकायदा शस्त्रे आणि गुन्हेगारी यांच्या वाढत्या संबंधावर. चर्चा मात्र गाजली ती परवानाधारकाने किती बंदुका ठेवाव्यात यावर. बेकायदा शस्त्रांविषयीच्या तरतुदी शिक्षेची वर्षे वाढवून पार पडल्या. प्रतिबंधित शस्त्रे बेकायदा बाळगल्यास पूर्वी पाच ते दहा वर्षांची कैद होती, ती सात ते चौदा वर्षे झाली. पोलीस वा सैन्याची शस्त्रे हिसकावल्यास किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची तरतूद आली. संघटित टोळ्या आणि तस्करी यांच्या व्याख्या आल्या. पण ही शस्त्रे तयार कोठे होतात, काडतुसे कोणत्या वाटेने बाहेर पडतात, खटले का टिकत नाहीत, या प्रश्नांची उत्तरे सरकारकडून वदवून घेणारा मतदारवर्गच नव्हता.

ज्यांचा अर्जच नसतो

आकडे पाहिले म्हणजे ही विसंगती ठळक होते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात ३३.६९ लाख शस्त्र परवाने होते. त्यांपैकी १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, म्हणजे देशाच्या एकषष्ठांश लोकसंख्येकडे जवळपास ३८ टक्के परवाने. त्याखालोखाल जम्मू-काश्मीर आणि पंजाब यांचा क्रमांक होता. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे ८४ हजार होती. याउलट, ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हास्थित संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांच्या हाती सात कोटींहून अधिक बंदुका असाव्यात आणि त्यांतील सहा कोटींहून अधिक नोंदणीविना असाव्यात. हा अंदाज कोणाला अतिशयोक्त वाटेल. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारीही वर्षानुवर्षे हेच सांगते की, बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुतेक विनापरवाना शस्त्रांनी होतात. बिहारमधील मुंगेरचे नाव त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल, तर जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतचे मध्य प्रदेशातील उमर्टी हे गाव आहे. राज्यात पकडल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांचा माग पोलिसांना अनेकदा तेथवर नेतो.

गावठी कट्ट्याच्या धाकाखाली जगणारा माणूस खासदाराकडे शिष्टमंडळ घेऊन जात नाही. त्याची संघटना नसते. त्याचा प्रश्न ‘कायदा व सुव्यवस्था’ या सदरात जमा होतो आणि ठाणेदाराच्या टेबलावर संपतो. लग्नसमारंभातील गोळीबाराचेही तसेच. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पंजाबातील भटिंडा जिल्ह्यात मौड मंडी येथे एका लग्नाच्या मंचावर नाचणाऱ्या तरुणीचा अशाच गोळीने जीव गेला. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. ती आवश्यकच होती. तथापि, बंदुकांची मर्यादा एकाची दोन व्हावी यासाठी जेवढे लोक बोलले, तेवढे लोक या कलमाच्या अंमलबजावणीसाठी आजवर बोललेले नाहीत.

परवाना देण्याच्या व्यवस्थेलाही याच असमतोलाची कीड लागली आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या २.७८ लाखांहून अधिक परवान्यांचे प्रकरण सीबीआयच्या तपासाचा विषय झाले आणि सनदी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचले. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती. पण त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची बाब चव्हाट्यावर आली. पोलिसांनी फेरतपासणी हाती घेतली आणि अनेक परवाने रद्द झाले. ते रद्द करण्याजोगे होते, तर मुळात दिले कोणी आणि कोणाच्या शब्दावर, हा प्रश्न जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना विधिमंडळात उत्तर द्यावा लागेल असा प्रश्न झाला नाही.

अधिसूचनेचे राज्य

भारतात बंदुकीविषयीचे अनेक महत्त्वाचे निर्णय कायदेमंडळात होतच नाहीत. कोडगूच्या कोडव समाजाला ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती अधिसूचनेद्वारे २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पंजाबात नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व परवान्यांची फेरतपासणी आणि शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आली, तीही शासकीय आदेशाने. पुढे मार्च २०२३ मध्ये ८१३ परवाने रद्द झाले. याउलट आसामच्या मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये, दुर्गम व असुरक्षित मानल्या गेलेल्या भागांतील मूळनिवासींना परवाने देण्याचे धोरण स्वीकारले. धुबरी, मोरीगाव, बारपेटा, नगाव अशा जिल्ह्यांची नावे त्यात आली. लोकांची दीर्घकाळची मागणी आपण मान्य करत आहोत, असे सरकारने सांगितले. असेलही. पण त्याच जिल्ह्यांत राहणाऱ्या आणि या धोरणात न बसणाऱ्या नागरिकाने शेजाऱ्याच्या हातातील नव्या बंदुकीविषयी आपली भीती कोणाकडे मांडायची? सैल करणारा निर्णय असो वा आवळणारा, तो मंत्रालयाच्या आदेशाने आला की आमदाराला बाजू घ्यावी लागत नाही. आणि ज्याला बाजू घ्यावी लागत नाही, त्याला मतदाराला उत्तरही द्यावे लागत नाही.

जे थोडे संसदेत येते, तेथेही ही पळवाट आहेच. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. त्यामुळे ‘पक्षाने सांगितले तसे मत दिले’ हे उत्तर खासदाराला नेहमीच उपलब्ध असते. संसदेच्या समित्या हा त्यावरचा उतारा होता, कारण समितीत पक्षादेश चालत नाही आणि बाहेरच्या माणसाला साक्ष देता येते. पण ‘पीआरएस’ या संस्थेच्या अभ्यासानुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, तर सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. शस्त्रास्त्र दुरुस्ती विधेयकाचा प्रवास मांडणीपासून संमतीपर्यंत दोन आठवड्यांत संपला. एवढ्या वेळात संघटित असलेल्यांचा आवाज पोहोचू शकतो, विखुरलेल्यांचा नाही.

उत्तर मागण्याची जागा

या विखुरलेल्या आवाजाची उपेक्षा कोठवर नेऊ शकते, हे मणिपूरने दाखवले आहे. मे २०२३ पासून तेथे पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो शस्त्रे लुटली गेली. शस्त्रे हिसकावणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. जानेवारी २०२४ मध्ये इम्फाळच्या कांगला किल्ल्यात एका सशस्त्र गटाने तीसहून अधिक आमदारांना आणि दोन खासदारांना बोलावून घेतले आणि त्यांना शपथ घ्यायला लावली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये, राष्ट्रपती राजवट लागू झाल्यानंतर, राज्यपालांना शस्त्रे परत करणाऱ्यांवर कारवाई होणार नाही असे आश्वासन देऊन आवाहन करावे लागले. मतदारांना उत्तर देण्याची सवय सुटलेले प्रतिनिधी एक दिवस बंदूकधाऱ्यांना उत्तर देऊ लागतात, असाच याचा अर्थ.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांची दखल घेताना अमेरिकेशी तुलना करून स्मरण करून दिले होते की, शस्त्र बाळगण्याचा मूलभूत अधिकार आपल्या घटनाकारांनी कोणालाही दिलेला नाही. मग तो विशेषाधिकार आहे. आणि विशेषाधिकार कोणाला, किती व का दिला, याचा हिशेब ज्यांना तो मिळालेला नाही त्यांनाच मिळायला हवा.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय नोंद सरकारकडे संगणकावर आहे. त्यातून नावे वगळून जिल्हावार आकडे दरवर्षी संसदेपुढे ठेवता येतील. परवान्यासाठी लोकप्रतिनिधीने शिफारस केली असल्यास ती अर्जाच्या नोंदीत लिहिली जावी आणि मागणी झाल्यास दाखवली जावी. कायद्याच्या मसुद्यावर जनतेच्या हरकती मागवून त्यांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असे केंद्राचे २०१४ चे धोरणच सांगते. त्याला बंधनकारक स्वरूप द्यावे. लोकसभेची याचिका समिती सभागृहात मांडलेल्या विधेयकांवरही नागरिकांच्या याचिका स्वीकारू शकते. तिचा वापर करण्याची सवय राजकीय पक्षांनी नव्हे, तर नागरी संघटनांनी लावून घ्यायची आहे.

यांपैकी कोणतीही गोष्ट कट्टे बनवणाऱ्या भट्ट्या उद्या विझवणार नाही. पण आज खासदाराला बंदुकीविषयी विचारला जाणारा प्रश्न ‘माझ्या परवान्याचे काय झाले?’ एवढाच आहे. ‘माझ्या जिल्ह्यात किती बंदुका आहेत आणि त्यांतील किती तुमच्या सहीने आल्या?’ हा प्रश्न ज्या दिवशी प्रचारसभेत विचारला जाईल, त्या दिवशी २०१९ च्या कायद्यातील शिक्षेची वाढलेली वर्षे कागदावरून खाली उतरू लागतील.