नवी डिस्क टाकली, पुढं काय?

ओरलला हमखास येणारा प्रश्न : रेडचा फुलफॉर्म सांगा. आपण सांगतो, 'रिडंडंट ॲरे ऑफ इंडिपेंडंट डिस्क्स'. एखादा हुशार वर हेही सांगतो, की १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी पेपर लिहिला तेव्हा त्यातला 'आय' हा 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्तचा होता. सर खूष. रेड वन म्हणजे मिररिंग, तीच माहिती दोन डिस्कवर, एक गेली तरी दुसरी आहेच. आकृती काढा, पाच मार्क घ्या. मीही घेतले. गेल्या मे महिन्यात दौंडला त्या पाच मार्कांचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

तर झालं असं. माझं घर शिरूरला आणि मामांचा फोटो स्टुडिओ दौंडला. स्टुडिओत लिनक्सवर चालणारा एक साधा पीसी आहे, त्यात दोन टीबीच्या दोन डिस्क मिरर करून ठेवलेल्या. सगळ्या लग्नांचे फोटो त्यावर. ऐन लग्नसराईत एक डिस्क गेली. सेटिंग करून देणाऱ्या माणसानं नवी आणून बसवली आणि तो पैसे घेऊन गेला. दोन दिवसांनी मामांचा फोन : "अरे, नवी डिस्क टाकली तरी ते डिग्रेडेडच म्हणतंय. डिग्री तू घेतोयस, ये आणि बघ."

न्हावरे, चौफुला करत दौंडला पोचलो. स्टेटस बघितलं. चौकोनी कंसात दोन 'यू' दिसायला हवेत, तिथं एक 'यू' आणि एक नुसती आडवी रेघ. त्या रेघेचा अर्थ, दुसरी जागा रिकामी. नवी डिस्क यादीत होती, पण 'स्पेअर' म्हणून, बाहेर बाकावर बसलेल्या बाराव्या खेळाडूसारखी.

इथं पहिली गोष्ट कळली, जी पुस्तकात एका ओळीची आहे. कोरी डिस्क खोचली म्हणून ती आपोआप जोडीदार होत नाही. तिला ॲरेत घ्यावं लागतं आणि मग जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरावं लागतं. दोन टीबीला चार-साडेचार तास सहज जातात, आणि तेवढा वेळ सगळा भार एकाच जुन्या डिस्कवर. मामांना सांगायला अडचण आली नाही. जन्म दौंड जंक्शनात गेलेला माणूस. "म्हणजे सध्या एकेरी लाईनवर गाडी चाललीय," ते म्हणाले. अगदी बरोबर. मग मी दिशेचंही सांगितलं. कॉर्ड लाईन होण्याआधी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. न लावता सोडली तर गाडी सोलापूरच्या वाटेला. डिस्कचंही तेच. काही जुन्या रेड कार्डांच्या मेनूत कुठून कुठं कॉपी करायची ते आपल्यालाच निवडावं लागतं, आणि उलटं निवडलं की कोरी डिस्क भरलेलीवर उतरते. दोन्ही डिस्क एकदम सारख्या, दोन्ही कोऱ्या. मिरर मात्र परफेक्ट!

आमच्याकडे दिशा बरोबर होती. पण तो माणूस काय करून गेला होता, तर कॉपी ६८ टक्क्यांवर थांबली की पुन्हा सुरू, पुन्हा थांबली की पुन्हा सुरू. तीनदा. कर्नलचा लॉग त्यानं उघडलाच नव्हता. मी उघडला, तर रीड एरर नव्या डिस्कच्या नव्हत्याच, जुनीच्या होत्या. जिला आपण 'चांगली' म्हणत होतो तिच्या. स्मार्टचा रिपोर्ट काढला, 'पेंडिंग सेक्टर' २४. म्हणजे वाचता न येणारी चोवीस ठिकाणं, जी इतके दिवस कुणी वाचायलाच गेलं नव्हतं.

मला यातली खरी मेख हीच वाटते. डिस्क गेलेली कळते, कारण ती गप्प होते. उरलेली डिस्क आतून कुठं कुठं खराब झालीय हे मात्र ती पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही, आणि ती पूर्ण वाचायची पहिली वेळ येते ती नेमकी जोडीदार गेल्यावर. घरगुती डिस्कच्या स्पेसिफिकेशनमध्ये १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक, असं बऱ्याचदा छापलेलं असतं. हिशोब केला तर साधारण साडेबारा टीबी. डिस्क जितक्या मोठ्या, तितका हा आकडा जवळ.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. डेबियनच्या पॅकेजमध्ये वर्षानुवर्षं अशी सोय आहे, की महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास दोन्ही डिस्क पूर्ण वाचून ताडून बघायच्या. जोडीदार जिवंत असताना एखादं ठिकाण वाचता आलं नाही, तर दुसरीवरून ते दुरुस्त होतं. पण मामा रात्री नऊला शटर ओढतात आणि मेन स्विच बंद करतात, शॉर्टसर्किटची भीती. त्यामुळे ती तपासणी एकदाही झालेली नव्हती. मी तरी त्यांना काय बोलणार? मला स्वतःला ती सोय त्याच रात्री शोधताना कळली.

पुढचं थोडक्यात सांगतो. ॲरे बंद केला, पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि डीडीरेस्क्यूनं जुनीवरचं जेवढं निघेल तेवढं नव्या डिस्कवर काढलं. हा प्रोग्राम अडेल तिथं डोकं आपटत बसत नाही, पुढं जातो, सोपं आधी काढून घेतो आणि अवघड भागाकडे शेवटी परत येतो (पेपर सोडवताना आपण करतो तसं). मग जुनी काढून बाजूला ठेवली. ती आणि तिची हुबेहूब प्रत एकाच वेळी जोडून ठेवली तर मशीनचा गोंधळ होतो. काढताना डिस्कच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर जुळवून घेतला, कारण रीस्टार्टनंतर 'ए'ची 'बी' आणि 'बी'ची 'ए' होऊ शकते. तिसरी डिस्क शिरूरहून आणली, जोडीला लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन 'यू' दिसले.

सात फोटो गेले. एकाच हळदीतले. कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच फॉरमॅट झालेली, "दोन ठिकाणी आहे ना" म्हणून. मामा दुसऱ्या दिवशी स्वतः त्या घरी सांगायला गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही. आल्यावर फक्त म्हणाले, "मुलीची आजी होती त्यात." मामीनं चहा ठेवला, आणि त्यावर घरात कुणी बोललं नाही.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही आपण पेपरात लिहितो. चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून त्याच क्षणी डिलीट होते, हे उदाहरणही देतो. मामांना ते कुणी सांगितलं नव्हतं. सेटिंग करणाऱ्यानं नाही, आणि दर सुट्टीत तिथं जेवायला जाणाऱ्या भाच्यानंही नाही.

आता आपल्या विभागाबद्दल. सरांनी राग मानू नये. आपल्या जर्नलमधल्या प्रत्येक प्रॅक्टिकलचा शेवट 'अशा प्रकारे अभ्यास केला' असा होतो. एकातही काही बिघडत नाही. बिघडलं तर लॅब असिस्टंट धावत येतात, कारण डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर त्यांना द्यावं लागतं. त्यांचीही चूक नाही. पण रेडचं प्रॅक्टिकल म्हणजे मिरर तयार करून स्क्रीनशॉट चिकटवणं, हे पोहण्याच्या वर्गात टॉवेलची घडी घालायला शिकवण्यासारखं आहे. माझं म्हणणं एवढंच, की परीक्षकांनी समोर चालू मशीनमधली एक डिस्क उपटावी आणि म्हणावं, आता बोल. कुठली गेली ते सांग, लॉग दाखव, दुसरी तपास, मग नवी लाव. निर्लेखनाची वाट बघत लॅबच्या कपाटात पडलेल्या डिस्क याला चालतील. अर्धवट खराब असतील तर उत्तमच.

आणि सर परवानगी देईपर्यंत थांबायची गरज नाही. दोनशे एमबीच्या दोन फाईली बनवा, त्यांना लूप डिव्हाइस करा, एमडीएडीएमनं मिरर बांधा आणि एक 'फेल' करा. एकही रुपया खर्च नाही. येत्या शनिवारी मेस झाल्यावर माझ्या रूमवर करतोय. येणाऱ्यांनी आपापला लॅपटॉप आणावा, एक्स्टेन्शन बोर्ड माझ्याकडे एकच आहे.