परवान्याआधी नदीची वहिवाट पाहावी

शेत विकत घेताना आपल्याकडील जाणता माणूस सातबारा पाहतोच. परंतु त्याआधी बांधावर उभा राहून पाणंद कोठून जाते, गुरे कोणत्या वाटेने ओढ्यावर उतरतात आणि शेजाऱ्याचे पाणी कोणत्या चरीतून वाहते, याची तो चौकशी करतो. कारण वहिवाट मोडून घेतलेली जमीन पुढे पिढ्यान्‌पिढ्या दावेच पिकवते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. लघु जलविद्युत प्रकल्पांच्या दरखास्ती मंजूर करताना शासनाने हीच रीत पाळावी, एवढेच माझे म्हणणे आहे. नदीलाही वहिवाट असते, आणि ती कोणत्याही परवान्याहून जुनी असते.

या विषयावर बोलण्याचा अधिकार कोल्हापूरला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७-०८ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचा संकल्प सोडला, अर्धवट राहिलेले ते काम स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले, आणि ८.३६ टीएमसी साठ्याच्या त्या जलाशयाने पंचगंगेचे खोरे हिरवे केले. त्याच्या पायथ्याशी वीजगृह आले. पुढे दूधगंगेवर काळम्मावाडी धरणाच्या पायथ्याशी २४ मेगावॉटांचे उभे राहिले. या वीजगृहांविषयी आमच्या मनात किंतु नाही. शेतीसाठी व पिण्यासाठी जे पाणी खाली सोडायचेच आहे, ते जनित्रातून फिरून पुन्हा त्याच पात्रात पडत असेल, तर ती वीज म्हणजे वाहत्या पाण्याचा प्रसादच होय.

अडचण निराळ्या ठिकाणी आहे. आपल्या देशात २५ मेगावॉटांपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प ‘लघु’ समजला जातो. महाराष्ट्र शासनाने २००५ च्या धोरणान्वये असे प्रकल्प खाजगी उद्योजकांना खुले केले, आणि २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणीय मंजुरीची अट २५ मेगावॉटांपासून वरच्या जलविद्युत प्रकल्पांना लागू केली. म्हणजे नदीवर होणारा आघात यंत्राच्या शक्तीवरून मोजला गेला. परंतु धरणाच्या पायथ्याचे २४ मेगावॉटांचे वीजगृह नदीला फारसे दुखावणार नाही. उलट घाटमाथ्यावरील एखाद्या ओढ्याला बांध घालून त्याचे पाणी नळातून तीन-चार किलोमीटर खाली नेणारा पाच मेगावॉटांचा प्रकल्प त्या मधल्या पात्राला उन्हाळ्यात निव्वळ दगडगोट्यांची रांग करून सोडील. कागदावर दोन्ही लघुच. पण पहिल्यात नदीचे पाणी नदीतच राहते आणि दुसऱ्यात ते तिच्या अंगावरून काढून घेतले जाते. म्हणून किती वीज निघेल याच्या आधी किती पाणी, किती अंतर आणि कोणत्या महिन्यांत पात्राबाहेर राहील, हा प्रश्न परवान्याच्या पहिल्या कलमात असला पाहिजे.

पायथ्याच्या वीजगृहालाही एक पथ्य हवे, आणि ते घड्याळाचे आहे. संध्याकाळी विजेला मागणी अधिक, म्हणून दिवसभर पाणी अडवून चार तासांत सोडण्याचा मोह होतो. चैत्र-वैशाखात नदीकाठी उभे राहून पाहावे: पाणी वीतभर उतरले, की काठाच्या ओल्या चिखलावर काळी रेघ उमटते, मोटारीचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, पाइपातून पाण्याऐवजी हवेचा घरघराट ऐकू येतो, आणि आधीच उपसाबंदीने गांजलेला शेतकरी हाताशी आलेली पाळी गमावून बसतो. खडकांतल्या उथळ डबक्यांत अडकलेली माशांची पिले तर कोणाच्याच दप्तरी दाखल होत नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढले जातात, आणि पहिल्या पुराबरोबर मासे वलगणीला, म्हणजे अंडी घालायला, वर चढतात. ही त्यांची वाट घाटातल्या नव्या बांधाने कायमची बंद होणार असेल, तर ते नुकसान मेगावॉटांच्या हिशेबात कोठे धरायचे?

उपाय अवघड नाहीत. पश्चिम घाटाविषयी डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ साली उन्हाळ्यातील प्रवाहापैकी किमान ३० टक्के पाणी अखंड वाहते ठेवावे, दोन प्रकल्पांत किमान तीन किलोमीटरांचे अंतर असावे आणि नदीच्या खोऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग बाधित होऊ नये, असे सुचविले होते. ही प्रत्येक परवान्याची किमान शर्त व्हावी. एकेका ओढ्याचा विचार सुटा न करता कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्यांच्या सबंध खोऱ्याचा करावा. बांधाखाली रंगवलेली मोजपट्टी असावी, तिची रोजची नोंद चावडीवर लागावी, आणि शर्त मोडल्यास परवाना स्थगित करण्याचा अधिकार वापरलाही जावा. ग्रामसभेची संमती घ्यावी ती यंत्रे येण्यापूर्वी. भुदरगडात पाटगावच्या पाण्यावर उदंचन, म्हणजे पाणी वर चढवून साठवणाऱ्या, वीजप्रकल्पाचा प्रस्ताव येताच जो विरोध उसळला, त्याच्या मुळाशी आपले पाणी आपल्याला न विचारता नेले जाईल ही भीतीच होती.

इतक्या अटी लहान उद्योजकाला पेलतील काय, अशी शंका येईल, आणि ती रास्त आहे. त्याचे उत्तर भेद करण्यात आहे. ज्या दरखास्तीत नवा बांध नाही, पाण्याची पळवापळव नाही, तिला ठराविक मुदतीत, एकाच खिडकीवर मंजुरी द्यावी. कचेऱ्यांचा वाचलेला वेळ घाटातल्या दरखास्तींच्या कसून तपासणीसाठी खर्चावा. उशिराने होणारी दुरुस्ती किती महाग पडते, हे पंचगंगेच्या काठावर वसूनही तिचे पाणी दूषित झाल्याने काळम्मावाडीहून पन्नासांहून अधिक किलोमीटरांची नळवाहिनी टाकून पिण्याचे पाणी आणावे लागलेल्या आमच्या शहराला कोणी शिकवायला नको.

राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला, की ते कोणाच्या हुकमाची वाट न पाहता आपोआप उघडतात आणि भोगावतीचे पाणी भोगावतीत उतरते. बांधणाऱ्यांनी पुराच्या पाण्याची वाट भिंतीतच राखून ठेवली. उन्हाळ्यातल्या बारीक धारेचीही वाट तशीच परवान्यात लिहून ठेवणे, एवढे काम आता आपल्याकडे आहे.