रिव्हर्ट म्हणजे रिप्लाय नव्हे, राव!

'प्लीज रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट.' आपल्या ऑफिसांतले निम्मे मेल या वाक्यावर संपत असतील. आता रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही मागे वळणे हाच. गिटमध्ये रिव्हर्ट मारलं की आधीच्या कमिटचे बदल उलटवणारा नवा कमिट पडतो. म्हणजे बाकी कुणी नाही तरी आपण आयटीवाल्यांनी हा शब्द जपून वापरायला हवा! रिलीजच्या रात्री 'कालच्या चेंजवर रिव्हर्ट करा' असा मेल आला, तर नव्या पोराने उत्तर लिहायचं की कोड मागे घ्यायचा?

'भाषा बदलतेच की!' बदलू दे ना. 'प्रीपोन'ची तर मी बाजूच घेतो, 'पोस्टपोन'ला इतका सुटसुटीत जोडीदार इंग्रजीत नव्हता. पण रिव्हर्टने काय भर घातली? रिप्लाय होताच की. (आणि 'रिव्हर्ट बॅक'वाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.)

खरी गोम वेगळीच आहे. 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे आपलं 'बघतो, कळवतो', फक्त टाय घातलेलं. त्याऐवजी 'सोमवारी चारपर्यंत उत्तर देतो' असं लिहून बघा, घाम फुटतो की नाही ते.