आरोग्यचिंतन : उन्हाची उधारी

परिचय मेळाव्याचे दिवस जवळ आले की काही घरांत जुनी कुजबुज सुरू होते. मुलीच्या घोट्यावर किंवा मुलाच्या मनगटावर पांढरा डाग दिसलेला असतो. डॉक्टरांकडे गेलो तर चार जणांना कळेल, या भीतीने बावचीचे चूर्ण आणले जाते, लेप लागतो आणि लेकराला गच्चीवर उन्हात बसविले जाते. तिसऱ्या दिवशी त्या जागी फोड उठतात.

यात बावचीचा दोष नाही. कोडावरील औषध म्हणून आयुर्वेदाला ती फार पूर्वीपासून परिचित आहे. इजिप्तमध्ये अशाच गुणाची अम्मी माजुस ही वनस्पती वापरली जाई. तिच्या उपचारांचा अहवाल कैरोच्या डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्हींतील गुणकारी द्रव्ये सोरालेन वर्गातील. हे द्रव्य अंधारात निष्क्रिय राहते; ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण पडताच ते त्वचेच्या पेशींवर कार्य करू लागते. केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी वाढून वर सरकतात. म्हणून रंग परततो तो प्रथम केसांभोवती ठिपक्याठिपक्यांनी. बोटांची टोके व ओठ यांवर केस नसल्याने तेथे गुण कमी येतो.

धोका आहे तो उधारीचा. लेप लावून बसलेल्यास ऊन नेहमीसारखेच भासते. दाह मात्र ४८ ते ७२ तासांनी शिगेस पोहोचतो. काही वाटत नाही म्हणून बसणे लांबते आणि हिशेब नंतर चुकवावा लागतो. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ औषध अत्यंत सौम्य करून देतात, प्रकाशाची मात्रा अल्पापासून वाढवितात, दोन बैठकांत खंड ठेवतात आणि नंतर ती जागा धुऊन झाकावयास सांगतात. दुकानाच्या काचेआड बसणे पुरेसे नाही. हे किरण साध्या काचेतून येतात. आता लेपाविना, ३११ नॅनोमीटरच्या प्रकाशाने होणारा उपचारही प्रचलित आहे. कोणताही मार्ग घेतला तरी महिनोन्‌महिने धीर धरावा लागतो.

कोड स्पर्शाने पसरत नाही. तो महारोगही नव्हे. पहिला डाग दिसताच तज्ज्ञांकडे जावे आणि विवाहाच्या बोलणीत तो मोकळेपणाने सांगावा. त्वचेवरचा डाग लपविण्यासाठी लेकराची त्वचा भाजणे, हा व्यवहार कोणत्याही वहीत नफ्याचा ठरत नाही.