नावाला नव्हे, खेळाला पाहा

अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपला की बाउल सामने येतात आणि एरवी कधी गाठ न पडणारा संघ समोर उभा ठाकतो. चाहत्याने त्याचं नाव नव्हे, खेळ पाहावा. १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बाउलमध्ये बलाढ्य ओक्लाहोमापुढे बॉइसी स्टेट होता. हंगामभर अपराजित, तरी अनेकांच्या लेखी लिंबूटिंबू. जादा वेळेत एका गुणाने मागे असताना बॉइसीने बरोबरीचा सोपा गुण नाकारून विजयाच्या दोन गुणांसाठी डाव टाकला. क्वार्टरबॅक झाब्रान्स्कीने रिकाम्या उजव्या हाताने पास फेकण्याचा आव आणला, डाव्या हाताने पाठीमागून चेंडू सहकारी इयान जॉन्सनकडे सोपवला. दोन गुण, ४३-४२! अशा खेळाला ओक्लाहोमाच्या चाहत्यानेही मनापासून दाद द्यावी. तुल्यबळ प्रतिस्पर्धी लाभणं हा आपल्या संघाचाही मानच असतो.