दोन्ही उमेदवार दलित, मग आमचे प्रश्न कुणाचे?

येत्या १७ जुलैला राष्ट्रपतिपदासाठी मतदान आहे. एका बाजूला भाजप आघाडीचे रामनाथ कोविंद, दुसऱ्या बाजूला काँग्रेससह १७ विरोधी पक्षांच्या मीराकुमार. दोघेही दलित. आमच्या हुडकेश्वर-मानेवाडा भागातल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, कोविंद गरीब घरातून वर आले, त्यांचा अभिमान बाळगा. दुसरा म्हणतो, संघाला रोखायचे तर मीराकुमारच हव्यात. तिसरे काही समाजबांधव म्हणतात, कुणीही आले तरी राष्ट्रपती आपलाच, पेढे वाटा!

मित्रहो, पेढे वाटण्याआधी थोडा हिशेब करू.

ज्या पक्षांचे पुढारी एरवी 'जात पाहू नका' असा उपदेश आपल्याला करतात, त्यांनी या वेळी उमेदवाराची जातच पुढे केली. १९ जूनला अमित शहांनी कोविंद यांचे नाव जाहीर करताना ते दलित समाजातून आल्याचे आवर्जून सांगितले. केंद्रीय मंत्री रामविलास पासवान तर म्हणाले की, कोविंद यांना विरोध करणारे दलितविरोधी समजले जातील. तीन दिवसांनी विरोधकांनी मीराकुमार यांना उभे केले. आता पासवानसाहेबांच्याच न्यायाने बाबू जगजीवनराम यांच्या मुलीला विरोध करणारी भाजप आघाडी कोण ठरते? या प्रश्नावर सगळे गप्प. शिवसेनेचे तर विचारूच नका. यांची पहिली पसंती आपल्या नागपुरातले सरसंघचालक मोहन भागवत. दलित मतांसाठी दलित उमेदवार दिला असेल तर आम्हाला त्यात रस नाही, असे १९ जूनला सुनावले आणि दुसऱ्याच दिवशी पाठिंबा देऊन मोकळे झाले.

ज्यांनी कोविंद यांना पुढे केले, त्यांचा गेल्या तीन महिन्यांचा पंचांग पाहा. १४ एप्रिलला पंतप्रधान नागपुरात आले, दीक्षाभूमीवर नतमस्तक झाले. आपण सर्वांनी ते पाहिले. तीन आठवड्यांत, ५ मे रोजी, त्यांच्याच पक्षाचे सरकार असलेल्या उत्तर प्रदेशात सहारनपूरच्या शब्बीरपूर गावात दलितांची घरे पेटवली गेली. ८ जूनला भीम आर्मीचे चंद्रशेखर यांना अटक झाली. त्यानंतर अकराव्या दिवशी त्याच उत्तर प्रदेशातले दलित नेते राष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले. ज्या राज्यात दलितांच्या घरांची राख अजून उचलली गेली नाही, त्याच राज्यातून दलित राष्ट्रपती! याला सन्मान म्हणायचे की झाकण?

कोविंद सांगतात, राज्यपाल झाल्यापासून आपण कोणत्याही पक्षाचे नाही. चांगली गोष्ट आहे. पण २००० साली वाजपेयी सरकारने घटना पुनरावलोकनासाठी आयोग नेमला, तेव्हा ते कुठे होते? १९९८ ते २००२ या काळात ते भाजपच्या दलित मोर्चाचे अध्यक्ष होते. बाबासाहेबांच्या संविधानाला हात घालण्याचा घाट त्यांच्याच पक्षाच्या सरकारने घातला होता. तेव्हा ते संविधानाच्या बाजूने होते की सरकारच्या? राष्ट्रपती शपथ घेतो ती संविधानाचे जतन, संरक्षण आणि संवर्धन करण्याची. म्हणून हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता काँग्रेसकडे वळू, कारण नाटक तिथेही कमी नाही. मीराकुमार म्हणतात, ही विचारधारेची लढाई आहे, जातीचे गाठोडे बांधून जमिनीत खोल गाडून टाका. विचारधारेच्या लढाईचा प्रचार कुठून सुरू केला? साबरमती आश्रमातून. चैत्यभूमी दिसली नाही, महू दिसले नाही, दीक्षाभूमी दिसली नाही. दलित उमेदवार आणि नारळ गांधींच्या अंगणात! १९३२ साली आमचे स्वतंत्र मतदारसंघ कोणाच्या उपोषणाने गेले, हे आम्ही विसरलो असे काँग्रेसला वाटते काय?

आणि हा मान आताच का आठवला? २००७ मध्ये काँग्रेसकडे विजयाचे गणित होते, तेव्हा प्रतिभाताई पाटील. २०१२ मध्ये होते, तेव्हा प्रणव मुखर्जी. मीराकुमार तेव्हाही होत्या, अनुभवीही होत्या. आज मतांचे गणित भाजपकडे झुकले आहे, पराभव समोर दिसतो आहे, तेव्हा दलित महिलेला पुढे केले. जिंकायचे असेल तेव्हा दुसरा आणि हरायचे असेल तेव्हा दलित, ही कुठली विचारधारा?

खैरलांजी तर आपल्या उंबरठ्यावर घडली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार, केंद्रात काँग्रेस आघाडीचे. केंद्रात सामाजिक न्याय खाते कोणाकडे होते? २००४ ते २००९ पर्यंत मीराकुमार यांच्याकडे! न्यायासाठी विदर्भातली आंबेडकरी जनता रस्त्यावर उतरली, तर राज्याच्या गृहमंत्र्यांना त्यात नक्षलवाद्यांचा हात दिसला. खालच्या कोर्टात अ‍ॅट्रॉसिटी कायदा टिकला नाही, हायकोर्टातही नाही. भैयालाल भोतमांगे याच जानेवारीत गेले, शेवटच्या न्यायाची वाट पाहत. आज विचारधारेची भाषा करणाऱ्यांनी त्या वेळी आपल्या खात्याचे वजन कुठे वापरले, ते नागपूरच्या जनतेला सांगावे.

पदोन्नतीतील आरक्षणात तर दोघांचेही पितळ उघडे पडते. त्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१२ मध्ये राज्यसभेत प्रचंड बहुमताने मंजूर झाले. भाजपनेही बाजूने मत दिले. मग ते लोकसभेत अडकले. तिथे अध्यक्ष होत्या मीराकुमार आणि सरकार होते काँग्रेसचे. अध्यक्ष एकट्याने विधेयक मंजूर करू शकत नाही, हे आम्हालाही कळते. पण तिथल्या सरकारची दानत दिसली ना! आणि २०१४ पासून भाजपला लोकसभेत स्पष्ट बहुमत आहे. तीन वर्षे झाली, ते विधेयक कुठे आहे? राज्यसभेत आपल्या बाजूने हात वर करणारे लोकसभेत हात खिशात का घालून बसले?

आता वीस वर्षे मागे चला. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जनता जमली आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या घातल्या. दहा भीमसैनिक शहीद झाले. सरकार शिवसेना-भाजपचे, गृहखाते भाजपकडे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १४ जुलैला, राष्ट्रपतिपदाचे मतदान झाले आणि के. आर. नारायणन प्रचंड मतांनी निवडून आले. दिल्लीत दलित राष्ट्रपतीला भाजपचे मत, मुंबईत दलित वस्तीवर भाजपच्या गृहखात्याच्या गोळ्या, एकाच आठवड्यात! शिवसेना तर नारायणन यांच्या विरोधात शेषन यांच्या पाठीशी होती. पहिला दलित राष्ट्रपती झाला म्हणून रमाबाई नगरातल्या एकाही घरातले माणूस परत आले नाही.

तरीही आम्ही नारायणन यांना मानतो. त्याचे कारण त्यांची जात नाही, त्यांचे वर्तन आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. उच्च न्यायव्यवस्थेत अनुसूचित जाती-जमातींचे न्यायाधीश का नाहीत, असा शेरा त्यांनी फायलीवर लिहिला. घटना पुनरावलोकनाची चर्चा सुरू होताच जानेवारी २००० मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनी सरकारसमोरच विचारले की, संविधान अपयशी ठरले की आपण संविधानाला अपयशी ठरवले? राष्ट्रपतीचे हात बांधलेले असतात, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. कलम ७४ मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक करते, पण एकदा फेरविचाराला पाठवण्याचा अधिकारही देते. हात बांधलेले असले तरी कणा बांधलेला नसतो. आणि असा कणा दाखवल्यावर काय झाले? २००२ मध्ये भाजप आघाडीने नारायणन यांना दुसरी संधी दिली नाही. प्रस्थापितांना दलित राष्ट्रपती चालतो, बोलणारा दलित राष्ट्रपती चालत नाही.

दोष एकट्या कोविंद किंवा मीराकुमार यांच्या माथी मारून भागणार नाही. हा पुणे कराराचा वारसा आहे. प्रतिनिधी आपला आणि निवडणारे दुसरे, ही रीत तिथून सुरू झाली. याच रीतीने १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यात काँग्रेसने बाबासाहेबांना दलित उमेदवाराकडूनच पाडले. कांशीरामजींनी अशा प्रतिनिधींना चमचा म्हटले. हा शब्द कडू वाटतो, पण तो खोटा ठरवण्याची संधी या दोन्ही उमेदवारांना होती. शब्बीरपूरला जाऊन एकाने तरी प्रचार सुरू करायचा होता!

मग आपण काय करायचे? राष्ट्रपतीला आपण मत देत नाही, पण मत देणाऱ्यांना आपण ओळखतो. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे, खासदाराच्या मताचे ७०८. अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा जागा २९ आणि लोकसभेच्या ५. उत्तर नागपूर, उमरेड, रामटेक या आपल्या आसपासच्याच. या निवडणुकीत पक्षाचा व्हिप चालत नाही आणि मतदान गुप्त असते. तेव्हा 'वरून आदेश आला' हे कारण कुणाला सांगता येणार नाही. १७ जुलैच्या आधी आपल्या राखीव जागेच्या आमदाराला, खासदाराला गाठा. तीन प्रश्न विचारा. तुमच्या उमेदवाराने शब्बीरपूरवर काय भूमिका घेतली? पदोन्नतीतील आरक्षणाचे विधेयक कधी आणणार? आणि संविधानाला धक्का लावणारा कागद सहीसाठी आला, तर तुमचा राष्ट्रपती तो परत पाठवेल का?

उत्तर देईल त्याचे स्वागत करू. न देणाऱ्याला २०१९ मध्ये आपल्या वस्तीत मत मागायला यायचेच आहे.

जयभीम! जय संविधान!

हुडकेश्वर, नागपूर
जुलै २०१७