सवलतीआधी चार वायरी

नोव्हेंबर सरत आला की मॉड्युलर सिंथेसायझरची सॉफ्टवेअरं निम्म्या किमतीला निघतात, आणि सोलापुरात घरच्या लॅपटॉपवर जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेसाठी गाणी बांधणाऱ्या पोरांना ती खुणावतात. माझं मत स्पष्ट आहे, थांबावं. २०१७ साली आलेलं व्हीसीव्ही रॅक हे असंच मॉड्युलर सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि खरी शिकवणी त्यातच होते. नॉइजच्या मॉड्यूलची वायर फिल्टरला जोडा, तिथून आवाज त्याची पातळी कमीजास्त करणाऱ्या व्हीसीएमध्ये न्या, व्हीसीएला झटक्यात खाली येणारं एन्व्हलप द्या. हलगीवर बारीक काडी पडावी तसा कोरडा ताड ऐकू येतो. हे साधायला चार रात्री जातात, पैसा जात नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर आला, तेव्हा अशा वायरी देशात मोजक्याच हातांना मिळत होत्या. फुकटचं रॅक रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून चालत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरी आवाज वेगळा रेकॉर्ड करून गाण्यात आणता येतो; ही ये-जा रोज आडवी येऊ लागली तर रॅकची प्लगइन म्हणून चालणारी, विकतची प्रो आवृत्ती जरूर घ्यावी. ‘सवलत निघून जाईल’ या भीतीत दम नाही, ती पुढच्या वर्षी पुन्हा येते. शिवाय मॉड्यूल वाढले की प्रोसेसर दमतो, जुन्या लॅपटॉपवर आवाज तुटतो. वाचलेले पैसे बऱ्या ऑडिओ इंटरफेसला आणि माइकला लावावेत, म्हणजे गल्लीतली खरी हलगीही त्याच गाण्यात घेता येईल.